थोरल्या जाऊबाईंची फटफटी

आमचे सासरे गेले, त्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांच्या कपाटातून तीन पाकिटं निघाली. एकावर लिहिलं होतं ‘थोरला’, दुसऱ्यावर ‘धाकटा’ आणि तिसऱ्यावर ‘थोरली सूनबाई’. पहिल्या दोन पाकिटांत घराचे कागद आणि बरेचसे सल्ले होते. तिसऱ्यात एक किल्ली होती आणि चार ओळींच्या जागेत लिहिलेली दोनच वाक्यं: ‘गाडी हिला द्यावी. विकली तरी चालेल, पण हिनेच विकावी.’

थोरली सूनबाई म्हणजे माझी जाऊ. मी तिला ताई म्हणते. मी धाकटी. माझ्या नावाचं पाकीट नव्हतं, पण त्याचं वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, कारण त्या गाडीबद्दल तेव्हा माझं मत फारसं चांगलं नव्हतं. घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिच्या एका कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली, ती मोटारसायकल सत्तावीस वर्षं उभी होती. लहानपणी माझी मुलगी तिला भूत समजायची.

शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात ताईचं दुकान. ताई शिवणकाम करते. ती लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून पायाचं शिलाई मशीन घेऊन आली होती. घरात तेव्हा दोनच खोल्या, मशीन ठेवायचं कुठे? सासरे, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, “शेडमध्ये ठेव. उजेड चांगला आहे. माझी गाडी जरा सरकवतो.” तेव्हापासून एका बाजूला गाडी आणि एका बाजूला मशीन. अण्णा टेलिफोन खात्यात लाइन तपासनीस होते. तारा आणि खांब बघत गावोगाव हिंडायचे, ते याच फटफटीवरून. संध्याकाळी परत आले की शेडमध्ये स्टुलावर बसून गाडी पुसायचे. ताई मशीन चालवत असायची. दोघंही अबोल. तासभरात दोन वाक्यं झाली तर पुष्कळ.

मग एक दिवस अण्णा गाडी ढकलत घरी आले. भर उन्हात तीन-चार किलोमीटर ढकलली असावी, कारण शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. गाडी कोपऱ्यात लावली, वर चादर टाकली आणि म्हणाले, “रविवारी उघडतो.”

तो रविवार काही आला नाही. त्यांना ऑफिसातून जीप मिळाली, नंतर गुडघे दुखायला लागले, नंतर ते निवृत्त झाले. पण स्टूल हललं नाही. ते रोज तिथे बसून पेपर वाचायचे, मध्येच चादर नीट करायचे. ताईनं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

पाकीट उघडलं त्या दिवशी माझा नवरा म्हणाला, “भंगारवाल्याला बोलवू या. तो उचलून नेईल.”

माझे दीर, म्हणजे ताईचे यजमान, लगेच हो म्हणाले. “तुझ्या मशीनला तेवढीच जागा होईल,” ते ताईला म्हणाले. “दुसरं टेबल टाकता येईल कापायला.”

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिच्या तोंडात नेहमी टाचण्या असतात, त्यामुळे ती कमी बोलते की कमी बोलायचं म्हणून टाचण्या ठेवते, हे मला अजून कळलेलं नाही. तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि म्हणाली, “चिठ्ठीत काय लिहिलंय ते दोघांनीही वाचलंत ना?”

“वाचलं की.”

“मग झालं तर.”

एक घाव दोन तुकडे.

आता ताईबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. उंची चार फूट दहा इंच, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. आयुष्यात साधी स्कूटरही चालवलेली नाही. पण यंत्र म्हटलं की तिचे हात आपोआप पुढे जातात. तिच्या दुकानातल्या तिन्ही मशीनं ती स्वतः उघडते, स्वतः जोडते. शेजारपाजारच्या बायकांचं मशीन बिघडलं की त्या ताईला बोलावतात. ती आधी हात लावत नाही. नुसतं म्हणते, “चालवून दाखवा.” डोळे मिटून ऐकते आणि मग सांगते घोडं कुठे पेंड खातंय ते.

पहिले काही दिवस तिनं एकटीनंच खटपट केली. चादर काढली, धूळ झटकली, मशीनचं तेल जिथे जाईल तिथे सोडलं. मग एका दुपारी मी शेडमध्ये गेले तर ती किकवर दोन्ही पाय ठेवून उभी होती. हो, उभी होती. सगळं वजन टाकून. किक केसभरही हलली नव्हती.

“ताई, पडशील गं!”

“अडकलंय आत,” ती तिथूनच म्हणाली. “गंजलंय की मोडलंय, एवढं कळायला हवं.”

ते कळलं एका दातांच्या डॉक्टरांमुळे. डॉक्टर त्यांचे पांढरे कोट ताईकडून शिवून घेतात. पोट वाढलं की दर दोन वर्षांनी तेच कोट उसवायला आणतात. त्या दिवशी ते कोट घेऊन आले आणि माप द्यायला हात वर करून उभे राहिले. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. हात तसेच वर.

“ताई, ते काय आहे?”

“सासऱ्यांची गाडी.”

“केव्हाची?”

“माझ्या लग्नाच्या आधीची.”

डॉक्टर जवळ गेले, उकिडवे बसले आणि इंजिनाखाली कोरलेला नंबर रुमालानं पुसून वाचला. मग फरशीवरच मांडी ठोकून बसले. “अहो, ही तुमच्या जन्माच्याही आधीची आहे,” ते म्हणाले. कोटाचं माप राहिलं ते राहिलंच.

डॉक्टरांना जुन्या मोटारसायकलींचा नाद होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. गावात त्यांच्यासारखे आणखी काही होते. रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात ते जमायचे, एकमेकांच्या गाड्या बघायचे, चहा प्यायचे आणि भांडायचे. पुढच्या रविवारी डॉक्टर त्यातल्या दोघांना घेऊन आले.

एक होते मास्तर. निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्याकडे जगातल्या यच्चयावत जुन्या गाड्यांची माहितीपुस्तकं होती आणि ती सगळी तोंडपाठ होती. बोलायला लागले की घंटा होईपर्यंत थांबायचे नाहीत, आणि इथे घंटा वाजवणारं कुणी नव्हतं. दुसरा गृहस्थ लेथ मशीनवर काम करणारा. त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणायचे, कारण तो जगातली प्रत्येक गोष्ट मिलिमीटरमध्ये सांगायचा. माझी ओळख करून दिली तेव्हा तो म्हणाला, “तुमच्या जाऊबाई तुमच्यापेक्षा दीडशे मिलिमीटर बुटक्या आहेत.” वाईट हेतूनं नाही. त्याला दिसलं ते तो बोलला.

तिघांनी मिळून निदान केलं. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून चिकटला होता. हातोडा मारायचा नाही, जोर करायचा नाही. प्लग काढायचा, त्या भोकातून तेल आणि डिझेल ओतायचं आणि वाट बघायची.

“किती दिवस?” ताईनं विचारलं.

“तो सुटेपर्यंत,” मास्तर म्हणाले.

अण्णांनी ज्यावर कधी पाणीसुद्धा सांडू दिलं नसतं त्या इंजिनात मिलिमीटरनं जवळजवळ तांब्याभर तेल ओतलं. माझा नवरा दारातून बघत होता. तो म्हणाला, “नमनालाच घडाभर तेल!” सगळे हसले. ताई नाही हसली. ती भोकात बघत होती.

अकरा दिवस ती रोज दुपारी चार वाजता चहा घ्यायची आणि मग किकवर हलकेच पाय ठेवायची. जोर नाही करायचा, असं सांगितलं होतं, म्हणून फक्त पाय ठेवायचा. बाराव्या दिवशी किक करंगळीच्या पेराएवढी खाली गेली. ताईनं पाय काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा गेली. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्या वेळी त्यांच्या खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता, हे नंतर त्या पेशंटनंच गावभर सांगितलं. डॉक्टर म्हणे एकदम ओरडले, “हलला! हलला!” आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आपला चांगला दात गेला.

त्यानंतर सात महिने दर रविवारी शेडमध्ये राबता असायचा. गाडी पूर्ण उघडली. पहिल्या दिवशी मिलिमीटरनं काढलेले नटबोल्ट एका डब्यात टाकायला सुरुवात केली, तशी ताई म्हणाली, “थांबा.” तिनं उरलेल्या कापडाच्या छोट्या छोट्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर धाग्यानं आकडा काढला आणि एका वहीत प्रत्येक भागाचं चित्र काढून त्यापुढे तो आकडा लिहिला. कोणता बोल्ट कुठून निघाला, कोणत्या बाजूनं घातला होता, खाली वायसर होता की नव्हता, सगळं. डॉक्टर म्हणाले, “मी एकवीस वर्षं गाड्या उघडतोय. दर वेळी शेवटी चार बोल्ट उरतातच.”

“कुठे जातात ते?”

“एका बरणीत आहेत. बरणी भरत आली.”

जो तो आपापल्या हातातली कला घेऊन आला. डॉक्टरांनी कार्बोरेटरची बारीक भोकं त्यांच्या दात कोरायच्या सुयांनी साफ केली आणि सवयीनं म्हणाले, “आता दोन तास काही चावू नका.” मिलिमीटरनं झिजलेले बुश, म्हणजे दांड्यांभोवतीच्या छोट्या नळ्या, त्याच्या लेथवर नव्यानं काढले. मास्तरांनी पत्रं लिहिली. एका पत्राला थेट परदेशातून उत्तर आलं आणि त्याबरोबर कापसात गुंडाळलेली इंजिनाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग. पाठवणारे आजोबा नव्वदीचे होते. त्यांनी लिहिलं होतं की माझी गाडी आता नाही, तुमची तरी चालू दे.

पेट्रोलच्या टाकीत गंजाचे पापुद्रे होते. त्यात मूठभर बोल्ट टाकून टाकी खडखडवायची असते, म्हणजे आतला गंज सुटतो. पण ती टाकी हलवायची कशी? ताईनं जाड कॅनव्हासची चादर आणली, मध्ये टाकी ठेवली आणि मला, माझ्या नवऱ्याला, डॉक्टरांना आणि मास्तरांना चार टोकं धरायला लावली. आम्ही चौघं अंगणात अर्धा तास झोके देत उभे. दीर खिडकीत आले.

“आत टाकी आहे की बाळ?” त्यांनी विचारलं.

“या, तुम्हीही धरा,” ताई म्हणाली.

“नको. मला काम आहे.” आणि खिडकी लागली.

दीरांचं आणि त्या गाडीचं जुनं वैर होतं. ते आठ वर्षांचे असताना अण्णांनी त्यांना मागे बसवून नेलं होतं. उतरताना त्यांची पोटरी तापलेल्या सायलेन्सरला चिकटली. त्याचा डाग अजून आहे, तळहाताएवढा. त्यानंतर त्यांनी कधी दुचाकीवर पाय टाकला नाही. ते पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढतात, रोज चालत जातात, चालत येतात. ताई शेडमध्ये काय करते याबद्दल ते विरोधही करत नव्हते आणि चौकशीही करत नव्हते. फक्त रविवारी जेवायला बसले की ताईच्या नखांकडे बघायचे. त्यात काळं ऑइल असायचं.

शेवटी एका रविवारी सगळं जोडून झालं. मास्तरांनी पुस्तक उघडून ठिणगीचा आकडा वाचून दाखवला. पिस्टन वर पोचायच्या किती आधी प्लगमध्ये ठिणगी पडायला हवी, याचं एक माप असतं. मिलिमीटरनं ते लावलं. मग तिघांनी आळीपाळीनं किक मारल्या. बाराव्या की तेराव्या किकला इंजिनानं खोकल्यासारखं केलं, नळीतून निळा धूर आला आणि गाडी सुरू झाली. सत्तावीस वर्षांनी!

डॉक्टरांनी मिलिमीटरला मिठी मारली. मास्तरांचे डोळे भरून आले, ते म्हणाले धुरामुळे. मी टाळ्या वाजवत होते. शेजारी भिंतीवरून डोकावत होते. आणि ताई मशीनच्या स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होती.

“बंद करा,” ती म्हणाली.

कुणाला ऐकू आलं नाही. ती उठली आणि तिनं स्वतः पेट्रोलचा नळ बंद केला. इंजिन हळूहळू गप्प झालं.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“हा तो आवाज नाही.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, “ताई, इतक्या वर्षांनी आवाज तसाच कसा येईल? नवे बुश आहेत, नवी स्प्रिंग आहे. आणि तुमच्या आठवणी…”

“आठवणींचं नाही म्हणत मी,” ताई म्हणाली. “अण्णांची गाडी कोपऱ्यावरून वळली की मी गॅस पेटवून चहाचं आधण ठेवायचे. सव्वादोन वर्षं रोज ऐकलाय तो आवाज. तो ठोका पुढे पडायचा. हा मागे रेंगाळतोय. मशीनमध्ये सुई आणि खाली धागा पकडणारा हूक यांची वेळ चुकली तर असंच होतं. टाका पडतो, पण ओढून आणल्यासारखा. दिसायला ठीक, आणि चार दिवसांत धागा तुटतो.”

“पुस्तकात आकडा छापलेला आहे,” मास्तर जरा कडक झाले. “मी तो दोनदा वाचला.”

ताईनं वाद घातला नाही. तिनं नुसतं सायलेन्सरच्या नळीकडे बोट केलं. नव्यानं चकचकीत करून आणलेली नळी इंजिनाजवळ पाच मिनिटांत निळी पडली होती. मिलिमीटर खाली वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “जास्त तापतंय. ठिणगी उशिरा पडतेय. मास्तर, ताईंचं बरोबर आहे.”

मास्तरांनी पुस्तक मिटलं, काखेत घातलं आणि “बरंय, येतो” म्हणून निघून गेले.

पुढचा रविवार त्यांच्याशिवायच झाला. ठिणगीची वेळ लावायची एक जुनी रीत मिलिमीटरला माहीत होती. प्लगच्या भोकातून एक काडी आत सोडायची, म्हणजे पिस्टन कुठे आहे ते कळतं. आणि ठिणगी पाडायला उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमध्ये अगदी पातळ कागद धरायचा. चाक हळूहळू फिरवत न्यायचं. टोकं उघडली की कागद सुटतो, तोच ठिणगीचा क्षण. ताईनं विणकामाची सुई आणली आणि तिच्यावर खडूनं खुणा केल्या. कागद तिच्याकडे होताच, कापडावर नक्षी उतरवायचा. पहिल्यांदा कागद डॉक्टरांनी धरला, त्यांना कळायच्या आत तो फाटला. मग ताईनं धरला. पस्तीस वर्षं धाग्याचा ताण बोटांवर तोललेला. मिलिमीटर चाक फिरवत होता, आणि ती एकदम म्हणायची, “आत्ता.” पुन्हा करायचे, आणि पुन्हा खूण त्याच जागी.

मग मागेपुढे करत चार वेळा इंजिन सुरू केलं. एकदा ताई म्हणाली, “थोडं अजून.” एकदा म्हणाली, “आता फार झालं, ठोकतंय.” पाचव्या वेळी तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, “आधण ठेव गं.”

आवाज मलासुद्धा वेगळा वाटला. भरदार, एकेक ठोका सुटा आणि घाई नसलेला.

मास्तर तिसऱ्या दिवशी आले. कामाचा दिवस, ताई कुणाच्या तरी फ्रॉकला काज करत होती. ते दारातच उभे राहिले. “मी त्या परदेशातल्या आजोबांना फोनवर विचारलं,” ते म्हणाले. “माझं पुस्तक दोन वर्षांनंतरच्या मॉडेलचं आहे. तेव्हा पिस्टन बदलला होता. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा.”

“किती?”

मास्तरांनी सांगितला. ताईनं वही काढून दाखवली. तिच्या सुईवरची खूण आणि तो आकडा यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. मास्तरांनी वही घेतली, आकडा आपल्या पुस्तकात पेन्सिलीनं लिहिला आणि म्हणाले, “छत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की पुस्तकात बघा.”

“बसा,” ताई म्हणाली. “चहा घ्या.” ते अण्णांच्या स्टुलावर बसले. इतके दिवस त्या स्टुलावर कुणी बसत नव्हतं.

गाडी झाली, पण चालवायची कुणी? सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की डॉक्टर चालवतील आणि ताई बघेल. ताईनं सहज सांगितलं, “मी शिकणार आहे.” माझे दीर भिंतीपलीकडून म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण!” पण दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना ते हेल्मेट घेऊन आले. म्हणाले, “निदान डोकं तरी जागेवर राहू दे.”

पहिली अडचण पायांची. सीटवर बसलं की ताईचे पाय जमिनीच्या वर लोंबायचे. तिनं ठरवलं, सीट खाली घ्यायची, अरुंद करायची. मास्तरांचा जीव कासावीस झाला. “मूळ सीट आहे, ताई! असं चामडं, अशी शिलाई आता बघायलाही मिळत नाही.”

“मास्तर, मूळ सीटवर मूळ माणूस बसायचा,” ताई म्हणाली. “तो सहा फुटी होता. आता मी आहे.”

मूळ सीट तिनं जपून काढली, तेलपाणी करून फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. मिलिमीटरनं आखूड स्प्रिंगा काढून दिल्या, बरोबर पासष्ट मिलिमीटर कमी. त्यावर ताईनं स्वतः चामडं बेतून दुहेरी टाक्यांची सीट शिवली. आणि मागे आणखी एक, छोटी, उशीसारखी. ती कुणासाठी हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

शिकवायला गोदामांमागचं मोकळं मैदान. या गाडीचे गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, म्हणजे आताच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. डॉक्टर त्यावर नेहमी गोंधळायचे. ताईला पूर्वीचं काही येतच नव्हतं, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं. मिलिमीटर बाजूनं पळत सूचना द्यायचा, “क्लच दहा मिलिमीटर सोडा! अजून पाच!” चौथ्या दिवशी ती पडली, कोपर खरचटलं, गाडीचा आरसा गेला. उठून पहिल्यांदा तिनं गाडीवरून हात फिरवला आणि मग कोपराला फुंकर घातली. दोन महिन्यांनी परवाना मिळाला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिचं वय बघून विचारलं होतं, “हौस म्हणून का?” ती म्हणाली, “नाही. गाडी आहे म्हणून.”

या मंडळींची वर्षातून एकदा सहल निघते. सगळ्या जुन्या गाड्या रांगेनं तलावापर्यंत जातात, चाळीसेक किलोमीटर. त्या वर्षी बावीस गाड्या होत्या. ताईनं स्वतः शिवलेली जाड कापडाची पँट आणि भरपूर खिशांचं जाकीट घातलं होतं. खिशांत पाना, प्लग, तार, आणि हो, टाचण्या. रांगेत ती सगळ्यात शेवटी. तिच्या मागे आमची मोटार. माझा नवरा चालवत होता, शेजारी मी, मागच्या सीटवर दीर. “नुसतं बघायला येतो,” ते म्हणाले होते. वाटभर दोन्ही पुढच्या सीटांच्या मधून मान काढून ते ताईकडे बघत होते. ताईच्या गाडीला मागे एक जादा हेल्मेट बांधलेलं होतं.

अर्ध्या वाटेवर चढ लागला आणि मास्तरांची गाडी बंद पडली. बाकीचे पुढे निघून गेले होते. ताई थांबली. तिनं त्यांना किक मारायला सांगितली, ऐकलं आणि म्हणाली, “पेट्रोल पोचत नाहीये. झाकणाचं भोक बघा.” टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते पॉलिशनं बुजलं होतं. मास्तरांनी आदल्या दिवशी गाडी इतकी घासली होती. ताईनं खिशातून टाचणी काढली, भोक मोकळं केलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू.

तेवढ्या वेळात दीर मोटारीतून उतरले होते. ताईच्या गाडीपाशी जाऊन, हात मागे बांधून, नकाशा बघावा तसं ते ती छोटी सीट बघत होते.

“बसता?” ताईनं विचारलं.

“सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे?”

“उजवीकडे. त्याला वरून जाळी लावून घेतलीय मी मिलिमीटरकडून. हात लावून बघा.”

त्यांनी खरंच हात लावून बघितला. मग जादा हेल्मेट सोडलं, डोक्यात घातलं आणि बसले. साठीला आलेला माणूस, पंधरा-वीस किलोमीटर दोन्ही पाय बदकासारखे बाहेर फाकवून बसला होता. मागून आम्हाला एवढं हसू येत होतं की माझ्या नवऱ्याला मोटार सरळ ठेवता येईना. तलावाशी पोचल्यावर ते उतरले, पोटरी चाचपली, ठीक होती. ताईनं हेल्मेट काढून विचारलं, “काय?”

“वळणावर जरा हळू घेत जा,” ते म्हणाले. आणि परतताना आमच्या मोटारीकडे न बघता सरळ तिच्या मागे जाऊन बसले.

ताईला त्या दिवशी बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. सर्वांत चकचकीत गाडीचं बक्षीस मास्तरांना मिळालं. पण तिची सीट सगळ्यांनी बघितली. बोट फिरवून टाके बघितले, बसून बघितलं. दुसऱ्याच आठवड्यापासून शेडमध्ये जुन्या सीटा यायला लागल्या. कुणाची फाटलेली, कुणाची उंदरांनी कुरतडलेली, कुणाची तर नुसती लोखंडी चौकट. तिनं चामड्यासाठी वेगळं, दणकट मशीन घेतलं आणि फ्रॉकवाल्या गिऱ्हाइकांची आता कुरकुर चालू असते. मास्तर दर बुधवारी येतात, स्टुलावर बसतात आणि ताई कामात असताना तिला भूगोल सांगतात. तिच्या तोंडात टाचण्या असल्यामुळे ती त्यांना अडवू शकत नाही.

दीर अजूनही कार्यालयात चालतच जातात. पण संध्याकाळी फाटकापाशी ताई गाडी काढून उभी असली तर विचारतात, “कुठे?” आणि उत्तराची वाट न बघता हेल्मेट आणायला आत जातात.

परवा मी माझा कोट आखूड करून घ्यायला शेडमध्ये गेले. ताईनं कोट बघितला, खुंटीवर लावला आणि म्हणाली, “गुरुवारनंतर.”

“घरच्या माणसाला रांग?”

“घरची म्हणून रांगेत तरी घेतलं,” ती म्हणाली. “बाकीच्यांना पुढच्या महिन्यात बोलावलंय.”